गाडीला वाटते, मागे कोणी नाही

जबाब

नाव: चारुशीला मार्तंड मुलमुले (मार्तंड हे वडिलांचे नाव. पतीच्या नावाचा रकाना रिकामा ठेवावा.)
वय: ६९ वर्षे
व्यवसाय: निवृत्त अधिव्याख्याता, धातुशास्त्र, तंत्रनिकेतन (प्रथम "घरकाम" असे लिहिले होते. माझ्या सांगण्यावरून खोडले.)
राहणार: स्वतःचे घर, यशोधन ले-आऊट, नागपूर

पोलीस हवालदार श्री. रविंद्र लांजेवार यांनी विचारल्यावरून आज रविवारी सकाळी ठाण्यात समक्ष सांगते की, मी येथे स्वतःच्या पायांनी आले आहे. मला कोणी पकडून आणलेले नाही. ठाणे आणि माझे घर यांच्यामध्ये एक रस्ता आहे. तो ओलांडायला मला कोणाची मदत लागली नाही.

ज्या पिकअप मालगाडीबद्दल तक्रार आहे ती माझ्या फाटकासमोर उभी आहे. आपल्या या खिडकीतून ती दिसते. तिच्या डाल्यात, म्हणजे माल भरायच्या मागच्या उघड्या भागात, माणसे बसलेली आहेत. गाडीची चावी माझ्या पर्समध्ये आहे. ती मी काढून घेतली, हे मला मान्य आहे. ती मी परत देणार नाही, हेही लिहावे.

गाडी प्रेमानंद हटवार याची आहे. तो, त्याची आई सिंधूताई आणि बहीण काजल हे माझ्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहतात. सिंधूताई माझ्याकडे स्वयंपाक करतात. त्याहून अधिक काही संबंध आहे का, असे हवालदारांनी विचारले. नाही, असे लिहावे.

चावी चोरल्याची तक्रार प्रेमानंदने दिलेली नाही. त्याचे मोठे बाबा, म्हणजे मोठे काका, बापूजी हटवार यांनी दिली आहे. ते रामटेककडे शेती करतात आणि काल मुक्कामाला आले आहेत. या क्षणी ते समोरच्या बाकावर बसून माझे बोलणे ऐकत आहेत. त्यांनी ऐकायला माझी हरकत नाही.

चोरीबाबत माझे म्हणणे असे की, आपल्याजवळ ठेवायची इच्छा असेल तर ती चोरी. मला ती चावी नको आहे. तिला ग्रीसचा वास येतो आणि माझी पर्स खराब झाली आहे.

गाडी कोणत्या कंपनीची आहे हे मी सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नाही. गाडी नवी होती तेव्हा चांगलीच असणार. प्रेमानंदने ती जुनी विकत घेतली. त्याआधी ती कोराडीच्या वीज केंद्रातली ओली राख वाहत असे. विटा करणारे लोक ती राख नेतात. ओली राख डाल्यातून खाली झिरपते आणि चेसिसच्या पोकळीत जाऊन बसते. तेथे ती वाळत नाही. चेसिस म्हणजे ज्या दोन लांब लोखंडी तुळयांवर सगळी गाडी उभी असते त्या. बाहेरून त्यांना दर दसऱ्याला काळा रंग लागतो, हळदकुंकू लागते, झेंडूचा हार पडतो. आतून त्या गंजत असतात. गाडी आणली त्या दिवशी मी खाली वाकून स्क्रू-ड्रायव्हरने एका भोकातून राख उकरून काढली आणि प्रेमानंदच्या हातावर ठेवली. तो म्हणाला, "राख तं शुभ असते, मॅडम." मी म्हणाले, "कपाळाला लावली तर."

इंजिन ऑइल तो बदलत नाही. कमी झाले की वरून ओततो. याचे कारण विचारले असता त्याने सांगितले, "जुनं ऑइल मुरलेलं असते, मॅडम. मुरलेलं ऑइल इंजिनाले मानवते." मी त्याला स्वयंपाकघरात नेले आणि त्याच्या आईची बरणी दाखवली. लोणचे मुरते. ऑइल मुरत नाही, मरते. त्यावर सिंधूताई म्हणाल्या, "बाई, माह्या लोणच्याचं नाव त्या गाडीच्या घाणीसंगं नोका घेऊ." त्यांचा मुद्दा बरोबर होता. मी तो उल्लेख मागे घेतला.

हवालदारांनी येथे विचारले की, एवढे सगळे असूनही गाडी तर रोज चालते, मग अडचण काय. अडचण हीच की ती चालते. बंद पडली असती तर मी आज येथे नसते.

मागील पावसाळ्यानंतर प्रेमानंदने गाडीचे पाटे वाढवले. मागच्या चाकांवर पोलादी पट्ट्या एकावर एक बसवलेल्या असतात, त्यांना पाटे म्हणतात. गाडी भरली की ते वाकतात आणि डाला खाली बसतो. प्रेमानंदला डाला खाली बसलेला नको होता, कारण तो बसला की पोलीस थांबवतात आणि दुसरे ड्रायव्हर हसतात. त्याने दोन्ही बाजूंना जादा पाटे टाकून आणले आणि सिमेंटची पोती भरून मला बाहेर बोलावले. "पाहा मॅडम, बोटभर दबली नाही!"

मी त्याला सांगितले की, पाटा वाकतो तेव्हा तो तुला काही सांगत असतो. आता तू सांगणाऱ्यालाच गप्प केलेस. वजन होते तेवढेच आहे. पूर्वी ते पाट्यावर येत होते, आता चेसिसवर येईल. रोज थोडे, रोज त्याच जागी. लोखंडसुद्धा थकते.

"लोखंड थकते?" असे म्हणून तो हसला. सिंधूताई हसल्या. काजल पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, तीही हसली. मी तीस वर्षे मुलांना हा विषय इंग्रजीत शिकवला, तेव्हा कोणी हसले नाही. मराठीत सांगितला की तो विनोद होतो. तेव्हापासून सकाळी गाडी लवकर सुरू झाली नाही की घरात म्हणतात, "थकली असन बिचारी, चहा पाजा तिले."

गेल्या आठवड्यात काजलचा साखरपुडा ठरला. मुलाकडच्यांनी रामटेकच्या पुढे त्यांच्या गावाजवळ हॉल घेतला आहे. सगळे नातेवाईक आपल्याच पिकअपमधून जातील, असे घरात ठरले. मालगाडीत माणसे बसवता येत नाहीत, हे आपल्या खात्याला मी सांगणे बरे दिसणार नाही. मी बस करून देते म्हणाले. बापूजींचा निरोप आला की, घरची गाडी असताना भाड्याची बस नेली तर सोयरे काय म्हणतील.

त्यानंतर मी गाडीची तपासणी केली. प्रेमानंदच्याच डब्यातले डिझेल घेऊन, केबिनच्या मागे जिथे डाला सुरू होतो तिथे चेसिसला लावले. थोडा वेळ थांबून फडक्याने कोरडे पुसले. वर पांढरी रांगोळी भुरभुरवली. लोखंडाला बारीक चीर असेल तर डिझेल तिच्यात शिरून बसते, पुसले तरी जात नाही, आणि कोरडी रांगोळी ते हळूहळू बाहेर ओढते. प्रयोगशाळेत यासाठी महाग रसायने असतात. तत्त्व हेच.

सिंधूताई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अवं बाई, गाडीखाली कायची रांगोळी काढून राहिले तुमी? साखरपुड्याची?" मी म्हणाले, "थांबा, गाडीच ती आपली आपण काढेल."

थोड्या वेळाने रांगोळीत एक ओली रेघ उमटली. माझ्या वितीएवढी होती. खालच्या कडेपासून वर चढत गेलेली. सिंधूताईंना ती दिसली की नाही मला माहीत नाही. प्रेमानंदला मी बोलावून दाखवली. त्याने बोटाने रांगोळी पुसली. मी पुन्हा भुरभुरवली. रेघ पुन्हा उमटली. त्याने पुन्हा पुसली नाही.

दुसऱ्या दिवशी तो गाडी वेल्डरकडे घेऊन गेला आणि चिरेवर आडवी पट्टी मारून आणली. वर रंगही दिला. "आता तं नव्याहून मजबूत झाली, मॅडम," असे तो म्हणाला. हे म्हणताना तो माझ्याकडे पाहत नव्हता. अशी आडवी पट्टी मारली की तिच्या कडेचे लोखंड तापून ठिसूळ होते आणि पुढची चीर तिथून निघते. हे मी त्याला सांगितले. त्याने मान हलवली. तो मूर्ख नाही, हे मला येथे नोंदवायचे आहे.

गाडीचे पासिंग झालेले आहे, असे बापूजी बाकावरून म्हणत आहेत. ते खरे आहे. पासिंगला गाडी रिकामी जाते.

आज सकाळी मी गच्चीतून पाहिले तेव्हा डाल्यात गाद्या घातल्या होत्या. चारी बाजूंना आंब्याचे डहाळे बांधले होते. काजल केबिनमध्ये बसली होती. बाकी सगळी मंडळी मागे, त्यात बहुतेक बायका. एकूण एकोणीस. सिंधूताईंनी चांगल्या जागा पाहुण्यांना दिल्या होत्या आणि स्वतः अगदी शेवटी, फाळक्याला टेकून बसल्या होत्या. फाळका म्हणजे डाल्याचे मागचे झडप. त्याची एक कडी तारेने बांधलेली आहे. सिंधूताईंनी नेसलेली हिरवी साडी माझी आहे. हे चोरीच्या संदर्भात सांगत नाही. ओळख पटावी म्हणून सांगते.

मी खाली आले. प्रेमानंद ड्रायव्हरच्या जागी बसला होता, चावी लावलेली होती, इंजिन सुरू नव्हते. मी खिडकीतून हात घातला आणि चावी काढून घेतली. माझा हात धरणे त्याला शक्य होते. त्याने धरला नाही.

बापूजी डाल्यातून ओरडले, "काहून गा प्रेमानंद, पाहून काय राहिला! म्हातारीजवळून चावी घेता येत नाही तुले?" मला ते म्हणाले, "ओ मॅडम, कॉलेजातले पोट्टे भेत असतीन तुम्हाले, गाडी नाही भेत." मी म्हणाले, "गाडी भीत नाही, तोच तर घोटाळा आहे." पाहुण्यांपैकी एक बाई म्हणाल्या की शुभ कार्याला निघताना विधवा बाईने आडवे येऊ नये. त्यांच्या माहितीसाठी, मी विधवा नाही. त्यासाठी आधी लग्न करावे लागते.

सिंधूताई फाळक्याजवळून म्हणाल्या, "बाई, माह्या पोरीचा दिवस आहे आज. दे न वं चावी." इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा एकेरी हाक मारली. मी चावी पर्समध्ये टाकून फाटकाबाहेर आले.

प्रेमानंद माझ्या मागे आला नाही. तो केबिनमधून उतरला आणि माझ्या घराच्या पायरीवर जाऊन बसला. बापूजी येथे आले. नंतर आपला माणूस मला बोलवायला आला, तोवर मी अर्धा रस्ता ओलांडलेला होता.

गाडीला ही एकच चावी आहे का, असे हवालदारांनी विचारले. होय. दुसरी कधीच हरवली. चावीच्या निमित्ताने आठवले म्हणून गाडीची अवस्था लिहून घ्यावी: चावी जिथे लावतात ते कुलूपसुद्धा झिजून गुळगुळीत झाले आहे. मागे एकदा चावी सापडत नव्हती, तेव्हा प्रेमानंदने माझ्या स्वयंपाकघरातून चमचा नेला, त्याचा दांडा आत घालून फिरवला आणि गाडी सुरू केली. मी त्याला खडसावले होते. तो चमचा अजून वाकडा आहे. जी गाडी चमच्याने सुरू होते तिच्यात एकोणीस माणसे बसवायची असतील तर तसे मला तोंडावर सांगावे.

या वेळी बापूजी चहा पिऊन येतो असे सांगून बाकावरून उठले आणि बाहेर गेले.

हवालदार म्हणाले, "मॅडम, चीर असन, राख असन, सगळं मान्य. पण रामटेक कितीसं दूर आहे? हळू नेईन तो प्रेमानंद. जाऊ द्या न." म्हणून जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती सविस्तर सांगते. ती मी प्रेमानंदला सांगितली होती. दुसऱ्या कोणाला नाही, कारण दुसऱ्या कोणी विचारले नाही.

हे दाखवण्यासाठी मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, हवालदारांशेजारी गेले आणि त्यांची पट्टी व पेपरवेट घेतले. त्यामुळे खिडकी माझ्याही पाठीमागे आली. मध्येच वीज गेली आणि ठाण्याचा जनरेटर सुरू झाला, म्हणून मला मोठ्याने बोलावे लागले.

अशा गाडीत मागच्या चाकांना ब्रेकचा जोर किती द्यायचा, हे एक दांडी ठरवते. दांडीचे एक टोक मागच्या आसाला असते, दुसरे वर चेसिसला. गाडी रिकामी असली की मागच्या ब्रेकला थोडाच जोर मिळतो, नाहीतर चाके जाम होऊन गाडी गरकन फिरेल. माल भरला की डाला खाली बसतो, दांडी हलते, मागे वजन आहे हे तिला कळते आणि ब्रेकला पुरा जोर मिळतो. प्रेमानंदने पाटे वाढवले. आता डाला खाली बसत नाही. म्हणजे दांडी हलत नाही. डाल्यात सिमेंट असो, विटा असोत, नाहीतर एकोणीस माणसे असोत, गाडीला वाटते, मागे कोणी नाही.

हवालदार म्हणाले, "म्हणजे गाडी येडी झाली?" गाडी वेडी झालेली नाही. तिला खोटे सांगितले गेले आहे आणि ती त्यावर विश्वास ठेवते.

सपाट रस्त्यावर याने फारसे बिघडत नाही. पुढचे ब्रेक सगळा भार घेतात. ड्रायव्हर म्हणतो, गाडी मस्त आहे. पण ही मंडळी हॉलवर जाण्याआधी रामटेकच्या गडावर दर्शनाला जाणार आहेत. गड चढताना काही होणार नाही. उतरताना पुढचे ब्रेक तापतील. तापले की पाय खाली जातो आणि गाडी जात राहते. अशा वेळी माणूस सगळा जोर लावून ब्रेक दाबतो, आणि तो सगळा धक्का केबिनच्या मागे, त्या पट्टीच्या कडेला येतो. तिथे काय आहे ते मी वर सांगितले आहे. फाळक्याच्या कडीबद्दलही सांगितले आहे.

प्रेमानंदला हे माहीत असल्यामुळे तो उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या जोरावर गाडी उतरवतो. ते मी त्याला शिकवले. दुसऱ्या कोणाला ही गाडी तशी चालवता येणार नाही. बापूजींनी आयुष्यात ट्रॅक्टर चालवला आहे, आणि तोही शेतात.

माझी मागणी एवढीच आहे की, गाडी आजच्या दिवस ठाण्याच्या आवारात लावून घ्यावी. माझ्यावर गुन्हा दाखल करायचा असल्यास करावा. मंडळींना न्यायला बस सांगितलेली आहे, ती फाटकाशी येईलच. तिचे काय ते मी बघेन. सिंधूताईंना ते माझ्याकडून आहे असे सांगू नये.

हा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवायला घेतला. पहिल्या पानावर मालगाडी हा शब्द चुकीचा लिहिला होता, तो मी दुरुस्त केला. पुढे चमच्याच्या वाक्याशी आल्यावर हवालदार वाचता वाचता थांबले. त्यांनी समोरच्या रिकाम्या बाकाकडे पाहिले. मग आम्ही दोघांनी खिडकीबाहेर पाहिले.

माझ्या फाटकासमोर एक बस येऊन उभी आहे. तिच्यात कोणी नाही. रस्त्यावर आंब्याची थोडी पाने पडली आहेत. प्रेमानंद रस्त्याच्या मधोमध एकटा उभा आहे आणि कामठीच्या दिशेने पाहत आहे.

बापूजी चहा पिऊन परत आलेले नाहीत.

कामठी, कन्हान आणि मनसर येथील चौक्यांना ताबडतोब कळवावे: पांढरी पिकअप, डाल्याला आंब्याचे डहाळे. फाळक्याला टेकून हिरव्या साडीत एक बाई. गाडी थांबवताना मागून हॉर्न देऊ नये, घाबरवू नये, चढावावर थांबवावी.

बाकीचा जबाब वाचून दाखवण्यात वेळ घालवू नये. तो माझ्या सांगण्याप्रमाणेच लिहिला आहे आणि बरोबर आहे. चावी माझ्या पर्समध्येच आहे. फक्त सुरुवातीला गाडी "माझ्या फाटकासमोर उभी आहे" असे मी सांगितले होते, ते खोडून "उभी होती" असे करावे.

जबाब देणार,
चा. मा. मुलमुले